जुनी साईडकार-मोटारसायकल : घ्यावी कशी, चालवावी कशी

आठवडे बाजार करणारा कापडवाला असो, शिलाईचा तयार माल दुकानोदुकानी पोचविणारा कारागीर असो, की घरातील वृद्ध माणसाची ने-आण करणारा लहान दुकानदार असो, या सर्वांपुढे एक अडचण सारखीच असते. दुचाकीवर माल अथवा माणूस नीट बसत नाही आणि टेम्पो-रिक्षाचे भाडे रोजच्या कमाईतून मोठा घास काढून घेते. चारचाकी घ्यावयाची तर बहुतेकांना व्याजी कर्जाशिवाय मार्ग दिसत नाही, आणि त्या मार्गाने जाणे आपल्याला मंजूर नाही. अशा वेळी जुनी बुलेट व तिला जोडलेली साईडकार हा पर्याय अनेक बंधूंच्या मनात येतो. आम्ही स्वतः कापडाच्या फेरीसाठी अशी गाडी बरीच वर्षे वापरली असल्याने विचारणा आमच्याकडे येत असते.

अलीकडेच आमच्या परिचयातील एका शिलाई कारखानदाराने हा प्रश्न विचारला. त्यांच्या वालिदांना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी न्यावे लागते. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर त्यांना बसता येत नाही, आणि परतताना अंगात त्राण नसल्याने रिक्षात चढणेही कठीण जाते. साईडकार जमिनीपासून ठेंगणी, पाय लांब करून बसता येते, पाठीला टेका मिळतो. विचार चांगला होता. परंतु जी गाडी माणसाला आराम देते तीच, जोडणी चुकली किंवा चालविणारा शिकलेला नसला तर, त्याच माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून हा विषय जरा विस्ताराने मांडत आहोत.

साईडकार ही काही श्रीमंतांची हौस म्हणून वाढलेली वस्तू नव्हे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमच्या वॉटसोनियन कंपनीने १९१२ च्या सुमारास साईडकार बनविण्यास प्रारंभ केला, आणि पुढे कित्येक वर्षे तेथील पाववाले, दूधवाले, सुतार, नळकारागीर यांनी मोटारसायकलला पेटीवजा साईडकार जोडून धंदा केला. ज्याला मोटार परवडत नाही त्याची ती मोटार होती. १९५९ साली 'मिनी' ही स्वस्त लहान मोटार बाजारात आली आणि साईडकारचे दिवस तेथे मावळू लागले. आपल्या देशात बुलेट, जावा आणि बजाज व लॅम्ब्रेटा स्कूटर यांना साईडकार जोडण्याची पद्धत पुष्कळ वर्षे चालली. कोल्हापुरात तर साईडकार बनविण्याचा उद्योगच उभा राहिला. 'शोले' (१९७५) या चित्रपटामुळे लहान मुलालाही साईडकार ठाऊक आहे. त्या चित्रपटात साईडकार धावता धावता सुटते आणि पुन्हा येऊन जुळते. प्रत्यक्षात ती सुटली तर काय होईल हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रथम कोणी घेऊ नये ते सांगतो. ज्याचा माल रोज मण-दोन मणांच्या वर आहे, त्याने मालवाहू तीनचाकी भाड्याने घ्यावी. साईडकार हमालीसाठी नाही. ज्याचे दुकान अरुंद गल्लीत आहे, जेथे हातगाड्याच कशाबशा निघतात, त्यानेही विचार सोडावा, कारण ही गाडी डावीकडे तीन-चार फूट रुंद होते आणि तिला मागे जाण्याचा गियर नसतो. माणसासह अडीचशे-तीनशे किलोचे वजन उतारावरून पाठीमागे ढकलत नेणे एकट्याचे काम नव्हे. आणि ज्याला मिस्त्रीकाम अजिबात आवडत नाही, नट सैल झाला तरी महिनाभर पाहत नाही, त्याने तर या वाटेला जाऊच नये.

कोणती गाडी?

साईडकार ओढण्यास इंजिनात खालच्या वेगावर जोर हवा. या दृष्टीने जुनी ३५० सी.सी.ची बुलेट सर्वांत सोयीची. १९५५ पासून ती मद्रासला बनू लागली, आणि आजही तिचे सुटे भाग व जाणकार मिस्त्री जवळजवळ प्रत्येक शहरात मिळतात. जावा-येझदी चांगली गाडी, पण म्हैसूरचा तो जुना कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हा भाग कोठून मिळणार याची खात्री असेल तरच ती घ्यावी. स्कूटरची साईडकार शहरात एका माणसापुरती ठीक. घाटात किंवा मालासह नाही.

जुन्या बुलेटबद्दल एक गोष्ट नवीन पिढीने ध्यानात ठेवावी. तिचा गियर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. आजच्या मोटारसायकलींवर नेमके उलट आहे. घाबरलेला पाय सवयीच्या जागी जातो. ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला आणि गियर बदलला, असे होण्यास एक क्षण पुरतो. म्हणून आधी साईडकार नसलेली जुनी बुलेट काही दिवस चालवून पायाला नवी सवय लावावी.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये मोटारसायकलची जी व्याख्या आहे तीत जादा चाकाची, काढता येण्याजोगी साईडकार धरलेली आहे. म्हणजे मोटारसायकलच्या परवान्यावर ही गाडी चालविता येते. परंतु याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनात मनाला येईल तसा बदल करण्यास मनाई आहे. म्हणून साईडकारची नोंद आर.सी.वर आहे का ते पाहावे. नसेल तर विक्रेता 'कोणी विचारत नाही' असे म्हणेल. त्याचे न ऐकता आर.टी.ओ.मध्ये चौकशी करून, नोंद होते की नाही हे कळल्यावरच पैसे मोजावेत. विमा कंपनीलाही साईडकार लेखी कळवावी. अपघातानंतर ती गोष्ट प्रथमच उघड झाली तर दाव्याचा वाद आपल्याच गळ्यात पडतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते, त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण होते. महाराष्ट्रात अशा जुन्या गाडीवर पर्यावरण करही भरावा लागतो. नूतनीकरण राहिलेले असेल तर थकलेला कर व दंड कोण भरणार हे सौद्यापूर्वीच ठरवावे. आर.सी. खरी की खोटी हे परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर नंबर टाकून पाहता येते.

काही दलाल ५० वर्षांहून जुनी गाडी दाखवून 'व्हिंटेज नोंदणी करून घ्या' असा सल्ला देतात. २०२१ साली केंद्र सरकारने त्यासाठी वेगळे नियम केले हे खरे आहे. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षे. परंतु अशी गाडी रोजच्या अथवा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ती प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठी आहे. आपल्यासारख्या धंदेवाल्यास ती निरुपयोगी.

नाव बदलण्याची दिरंगाई हा आपल्या लोकांचा जुना रोग आहे. गाडी विकून पैसे खिशात घातले की काम संपले असे विकणारा समजतो, आणि घेणारा 'पुढच्या महिन्यात करू' म्हणतो. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत (गाडी दुसऱ्या राज्यात जात असल्यास ४५ दिवसांत) आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळविले पाहिजे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की, अपघाताच्या भरपाईस ज्याचे नाव आर.टी.ओ.च्या दप्तरी आहे तोच मालक म्हणून जबाबदार धरला जाईल, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेलेली असो. विकणाऱ्या बंधूंनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आता त्या शिलाई कारखानदारांच्या सौद्याकडे येऊ. गाडी दिसायला सुरेख होती, रंग ताजा, साईडकारला नवे रेक्झिन. आम्ही त्यांना एकच सांगितले की चेसिसचा व इंजिनाचा नंबर हाताने पुसून, कागदावर पेन्सिलने घासून उमटवून घ्या आणि आर.सी.शी अक्षर अक्षर ताडून पाहा. इंजिनाचा जुळला. चेसिसचा एक आकडा वेगळा निघाला आणि त्या जागचा पत्रा किंचित घासलेला दिसला. विक्रेता म्हणाला, 'कारकुनाची चूक असेल.' असेलही. परंतु ती सिद्ध करण्याचे काम विक्रेत्याचे आहे, घेणाऱ्याचे नाही. त्यांनी सौदा सोडला. वालिदांची ने-आण आणखी दोन महिने रिक्षानेच करावी लागली, तो खर्च त्यांना जड गेला, हे आम्ही जाणतो. तरीही गाडी जप्त होऊन पोलीस ठाण्याच्या आवारात पडली असती तर रिक्षाचे भाडेही गेले असते आणि गाडीचे पैसेही.

येथे आपल्या कारागीर बंधूंना, म्हणजे टर्नर, वेल्डर, पत्रेवाले, रंगवाले यांना, एक सांगणे आहे. जुन्या गाड्या उभ्या करण्याच्या कामात आपले पुष्कळ लोक आहेत आणि त्यांच्या हातात हुन्नर आहे. नंबर घासून नवा ठोकून द्या, अशी मागणी घेऊन कोणीतरी केव्हातरी येतोच. हा गुन्हा आहे, आणि चोरीचा माल पचविण्यास केलेली मदतही आहे. त्या एका कामाची मजुरी रोजच्या दहापट मिळाली तरी ती हलाल होत नाही. आमच्या ओळखीच्या एका वेल्डरने असे गिऱ्हाईक परत पाठविले. ते गिऱ्हाईक पुन्हा आले नाही आणि त्याच्याबरोबर आणखी दोघे तुटले. त्या महिन्यात त्याचे दुकानभाडे थकले. एवढी किंमत मोजूनही तो आजही त्याच दुकानात काम करीत आहे.

सौद्याची रीत

जुन्या वस्तूच्या खरेदीविषयी आपल्या शरीअतमध्ये जे नियम आहेत ते या गाडीला तंतोतंत लागू पडतात, आणि खेद याचा की मशिदीत ऐकलेले ते नियम बाजारात आपण विसरतो. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या ढिगात हात घालून पाहतात आणि आत ओल लागते, ही हदीस सर्वांना ठाऊक आहे. ओला माल वर ठेवा म्हणजे लोकांना दिसेल, असा तिचा आशय. ताज्या रंगाखाली वेल्डिंगचा सांधा लपविणे यात आणि त्या ढिगात फरक तो काय?

वस्तूत जुना ऐब निघाला, जो विक्रेत्याने सांगितला नव्हता व पाहताना दिसला नव्हता, तर घेणाऱ्यास वस्तू परत करण्याचा हक्क आहे. यास खियार-ए-ऐब म्हणतात. मात्र ऐब कळल्यावरही तो गाडी आपल्या कामाला वापरत राहिला तर ती त्याची संमती समजली जाते. म्हणून दोष दिसताच गाडी उभी करावी आणि विक्रेत्यास कळवावे. दुसरा हक्क खियार-ए-शर्त, म्हणजे सौदा करतानाच ठराविक मुदत मागून घेणे की इतक्या दिवसांत पसंत नसल्यास परत करू. हनफी आणि शाफई दोन्ही मतांप्रमाणे ही मुदत तीन दिवसांपर्यंत. म्हणजे कोकणातील बंधूंनाही यात अडचण नाही. तीन दिवसांत एक चांगला मिस्त्री साईडकारचा प्रत्येक सांधा पाहू शकतो. 'सर्व दोषांसह घ्या' असे विक्रेत्याने म्हटले आणि आपण मान्य केले, तर हनफी मतानुसार पुढे ऐबाची तक्रार राहत नाही. म्हणून ते शब्द हसण्यावारी नेऊ नयेत. ते उच्चारले गेल्यास भाव त्याप्रमाणे ठरवावा किंवा उठून यावे.

बयानाविषयी एक गैरसमज सर्रास आहे. सौदा फिसकटला की बयाना विक्रेत्याचा झाला, असे आपल्या बाजारात धरून चालतात. हनफी, मालिकी व शाफई फकीहांनी अशी जप्ती मान्य केलेली नाही. हंबली मतात ती चालते. तेव्हा आधीच स्पष्ट बोलावे, आणि संशय असल्यास आपल्या गावच्या आलिमांना विचारावे. देणे-घेणे लिहून ठेवावे व साक्षीदार करावेत, असा कुरआनचा (सूरह अल-बकरा, २८२) उधारीबाबतचा आदेश सर्वांना माहीत आहे. तरी दोन भाऊ मिळून एक गाडी घेतात आणि कागदाचा तुकडा करीत नाहीत. भागीदारीत घेतलेल्या गाडीचा टायर कोणी बदलायचा यावरून सख्ख्या भावांत अबोला झालेला आम्ही पाहिला आहे.

जकातीचे असे की, स्वतःच्या वापराच्या किंवा धंद्यात राबणाऱ्या गाडीवर जकात नाही. मात्र दुरुस्त करून विकण्याच्या हेतूनेच घेतलेली गाडी हा व्यापारी माल होतो, आणि मिस्त्री बंधूंनी तिची त्या दिवशीची किंमत हिशेबात धरावी.

पैशाबाबत आमची पद्धत अशी. समजा हाती एक लाख रुपये आहेत, तर गाडी पाऊण लाखांच्या आत पाहावी. उरलेले पंचवीस हजार हे तिचेच आहेत असे समजावे, कारण जुन्या साईडकारला टायर, बेअरिंग, आरे, क्लच-प्लेट आणि स्टिअरिंगचे कोन यांपैकी निदान तीन गोष्टी लगेच लागतात.

काय तपासावे

इंजिन कोणीही ऐकून पाहतो, म्हणून त्याविषयी थोडक्यात. गाडी थंड असताना सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर चहा घेत बसावे आणि थंड होऊ द्यावी. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे तेल जळत आहे. बुलेटचे थोडे तेल गळणे हे कोणी मनावर घेत नाही, धार लागली तर घ्यावे. फार जुन्या गाडीत वीज ६ व्होल्टची असते. रात्री दिव्याचा उजेड पाहिल्याशिवाय घेऊ नये.

खरी तपासणी चेसिसची. मोटारसायकल ही मुळात दोन चाकांवर वाकत चालण्यासाठी बनविलेली असते. साईडकार लावली की ती वाकत नाही, आणि वळणावरचा सगळा आडवा जोर चेसिसवर, फोर्कवर व चाकांच्या आऱ्यांवर येतो. म्हणून साईडकार जेथे जोडली आहे त्या प्रत्येक जागी (बहुधा दोन खाली व दोन वर अशा चार असतात) रंग खरवडून, बॅटरीच्या उजेडात पाहावे. केसासारखी भेग दिसली किंवा भेगेवर पुटी भरलेली आढळली तर तेथेच थांबावे. चेसिसच्या नळीला थेट वेल्डिंग करून कडी लावलेली असेल तर ती कोणी, केव्हा केली हे विचारावे. बोल्टने आवळलेला क्लॅम्प आम्हाला अधिक भरवशाचा वाटतो. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन हँडल हळू फिरवावे. मध्येच खाच लागल्यासारखे अडले तर कोन गेले. मागचे चाक धरून आडवे हलवावे. खडखड झाली तर स्विंग-आर्मचे बुश संपले. प्रत्येक आऱ्यावर लहान पान्याने टिचकी मारावी, ढिला आरा बोदा वाजतो. साईडकारच्या बॉडीचा तळ आतील चटई उचलून पाहावा, कारण पाणी तेथेच साचते आणि आपले माणूस त्याच पत्र्यावर बसणार असते.

जोडणी

गिरणीतला माणूस हे लगेच ओळखेल. बीमवर एका बाजूचा ताण कमी-अधिक झाला की थान वाकडे निघते, मग विणकर कितीही चांगला असो. साईडकारचेही तसेच. तिचे चाक मोटारसायकलला अगदी समांतर नसते. ते पुढच्या बाजूस किंचित मोटारसायकलकडे वळलेले असावे लागते. मोजण्यासाठी सपाट जमिनीवर मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लागून एक सरळ फळी ठेवावी, साईडकारच्या चाकाला लागून दुसरी. दोन फळ्यांतील अंतर पुढच्या चाकाजवळ आणि मागच्या चाकाजवळ मोजावे. पुढचे अंतर अर्धा ते पाऊण इंचाने कमी हवे. याहून जास्त कमी असेल तर टायर घासून लवकर संपतो.

दुसरे माप झुकावाचे. चालक व नेहमीचे वजन बसलेले असताना मोटारसायकल सरळ उभी किंवा साईडकारच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे उजवीकडे, अगदी थोडी झुकलेली असावी. एक-दीड अंश पुरे. आपल्या रस्त्याचा उतार डाव्या कडेला असतो आणि साईडकारही डावीकडे ओढते, त्याची भरपाई या झुकावाने होते. गाडी सरळ रस्त्यावर सतत डावीकडे जात असेल तर झुकाव थोडा वाढवावा, उजवीकडे जात असेल तर कमी करावा. तिसरी गोष्ट, साईडकारचे चाक मोटारसायकलच्या मागच्या चाकाच्या रेषेपेक्षा काही इंच पुढे असते. ते मागे सरकवून बसविलेले दिसले तर ती जोडणी अनाडी हाताची समजावी.

गियरबॉक्सचे पुढचे दातेरी चाक एका दाताने लहान घातले तर इंजिनावरचा ताण हलका होतो. वेग घटतो, पण या गाडीला वेग हवाच कशाला.

चालविणे

मोटारसायकल येते म्हणजे साईडकार येते, हा समज सर्वांत धोक्याचा. उलट ज्याने कधी दुचाकी चालविली नाही तो ही गाडी लवकर शिकतो. दुचाकीवाला वळणावर अंग झुकवितो आणि गाडी आपोआप वळेल अशी वाट पाहतो. ही गाडी वळत नाही. तिला हँडल हाताने, जोर लावून, वळवावे लागते.

मुख्य नियम असा. साईडकार हे डावीकडे अडकविलेले ओझे आहे. आपण वेग वाढवितो तेव्हा ते ओझे मागे राहू पाहते, म्हणून गाडी डावीकडे ओढली जाते. ब्रेक दाबतो तेव्हा ते ओझे पुढे धावू पाहते, म्हणून गाडी उजवीकडे जाते. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिशेने. आपल्याकडील बहुतेक जुन्या साईडकारच्या चाकाला ब्रेक नसतो, त्यामुळे हा ओढा चांगलाच जाणवतो. यास्तव ब्रेक लांबून, हळूहळू दाबावा आणि त्याच वेळी हँडल डावीकडे धरून ठेवावे. पुढच्या वाहनापासून दुचाकीवर जेवढे अंतर ठेवता त्याच्या दुप्पट ठेवावे.

डावे वळण हे दुसरे संकट. डावीकडे जोरात वळले की साईडकारचे चाक हवेत उठते, साईडकार रिकामी असेल तर फारच लवकर. चाक उठले की घाबरलेला माणूस हँडल आणखी डावीकडे दाबतो आणि गाडी उलटते. चाक खाली आणण्यासाठी हँडल सावकाश उजवीकडे सैल सोडावे लागते, परंतु त्यासाठी उजवीकडे रस्ता मोकळा हवा आणि तो नेहमी असतोच असे नाही. उपाय एकच, वेग वळणाआधी कमी करावा आणि वळणात हलका थ्रॉटल ठेवावा. गाडीचा डावीकडचा ओढा मग वळण्यास मदतच करतो. उजव्या वळणावर याच्या उलट, थ्रॉटल सोडला की गाडी स्वतःच उजवीकडे येते. तेथे चाक उठण्याची भीती कमी, पण फार वेग असेल तर साईडकारचे नाक खाली दबते आणि मोटारसायकलचे मागचे चाक हलके होते.

आणखी एक सवय तोडावी लागते. थांबताना दुचाकीवाला डावा पाय जमिनीवर टेकतो. येथे डाव्या पायाच्या मागे साईडकारच्या लोखंडी दांड्या येत असतात. गाडी पूर्ण थांबेपर्यंत पाय जागेवरच ठेवावेत. तिला तीन चाके आहेत, ती पडत नाही.

शिकण्यासाठी ईदगाहसारखे मोकळे मैदान बरे. साईडकारमध्ये तीस-चाळीस किलो वाळूचे पोते, तळाशी, बांधून ठेवावे. प्रथम उजवीकडे मोठी गोल चक्करे, मग डावीकडे, मग इंग्रजी आठाचा आकडा. नंतर सरळ रेषेत जाऊन ब्रेक दाबणे, वीस-पंचवीस वेळा, जोवर हात आपोआप डावीकडे धरू लागत नाही. शेवटी पोते काढून, अगदी कमी वेगात, डाव्या वळणावर चाक केव्हा उठते ते ओळखून घ्यावे. ही ओळख मैदानात झालेली बरी. निदान पंधरा दिवस असा सराव झाल्याशिवाय साईडकारमध्ये माणूस बसवू नये, आणि बायका-मुले तर नाहीच. एकटे जाताना वाळूचे पोते कायम ठेवणारे जुने चालक आम्हाला शहाणे वाटतात.

बसणाऱ्यालाही काही शिकवावे लागते. डाव्या वळणावर त्याने अंग डावीकडे, म्हणजे बाहेरच्या बाजूस, झुकवावे. चालत्या गाडीत हात बाहेर काढू नये. १९८८ च्या मूळ कायद्यात साईडकारमध्ये बसणाऱ्यास शिरस्त्राणाची सूट होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या मजकुरात ती सूट राहिलेली नाही. डोक्यावर रुमाल किंवा ओढणी असली तरी त्यावर हेल्मेट बसते. त्या शिलाई कारखानदारांनी वालिदांसाठी आतून मऊ असलेले, एक माप मोठे हेल्मेट शोधून आणले आणि त्याखाली सुती स्कार्फ शिवून दिला. त्यांनी शेवटी गाडी घेतली ती दुसऱ्या गावातील एका सेवानिवृत्त गृहस्थांची, कागद स्वच्छ असलेली, रंग मात्र पार उडालेला.

साईडकारच्या बाहेरच्या कडेला पुढे पांढरा व मागे लाल दिवा अवश्य लावावा. रात्री मागून येणारा ट्रकवाला मोटारसायकलचा एकच दिवा पाहतो आणि डाव्या बाजूने निघू पाहतो. तेथे आपले माणूस बसलेले असते.

कापडाचे गठ्ठे ठेवताना जड गठ्ठा खाली, चाकाच्या आसाजवळ. वर हलका माल. गठ्ठा दोरीने चेसिसला बांधावा, बॉडीच्या पत्र्याला नाही. माणूस आणि माल एकाच वेळी साईडकारमध्ये घालू नयेत. वेग चाळीस-पंचेचाळीसच्या वर नेण्याचे कारण नाही. खड्डा चुकविताना तीन चाकांच्या तीन वाटा असतात हे लक्षात ठेवावे. दोन चुकविले तर तिसरे त्यात जाते, तेव्हा वेग कमी करून साईडकारचे चाक सोडून बाकीची दोन वाचवावीत, पण त्यात माणूस असेल तर उलट करावे. घाट उतरताना खालच्या गियरमध्ये उतरावे, ड्रम-ब्रेक तापला की हाताला दगडासारखा लागतो आणि गाडी थांबत नाही. पेट्रोल दुचाकीपेक्षा बरेच जास्त लागते. हिशेब करताना मायलेज एक-तृतीयांशाने कमी धरावे.

पहिल्या महिन्यात दर जुम्याला, नमाजला जाण्यापूर्वी, साईडकारचे सर्व नट-बोल्ट पान्याने पाहावेत. नवी जोडणी पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरमध्ये बसते आणि सैल होते, मग आवळावी लागते. आवळल्यानंतर नट व बोल्ट दोघांवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला असे समजावे आणि गाडी त्या दिवशी बाहेर काढू नये.